ममताच्या नावाचं फोल्डर

लोहारा, यवतमाळ
१४ जुलै २०२५

ममता,

जयभीम. फाडू नको. अक्षर ओळखून पाकीट तसंच टोपलीत टाकशीन, म्हणून पयल्याच ओळीत सांगते, हे पत्र तुह्या अन् संघर्षच्या संसाराबद्दल नाई. कॉम्प्युटरबद्दल हाय. आधी वाच, मंग पाह्यजे तर फाड.

फोन तुले लागत नाई. संघर्षनं घरातल्या एकूणएक फोनवरून तुले भंडावलं, म्हणून तू सगळ्यायचे नंबर बंद केले, त्यात माह्याबी गेला. सुक्यासंगं ओलं जळते, त्याचं मले वाईट वाटून घ्यायचं नाई. शेजारची इंदुताई म्हणे, "पंचफुलाबाई, माह्या फोनवरून लावा, उचलते ते." म्या म्हटलं, नाई व बाई. दुसऱ्याच्या नंबरावरून लावणं म्हणजे मांगच्या दारातून घरात शिरणं. ते माह्या पोरानं केलं, मी करणार नाई. वणीच्या तुह्या क्लासची पाटी म्या तुह्या फोटोत पाह्यली होती, त्याच पत्त्यावर लिवून राह्यली.

आता मशीनीचं. तू लिनक्स टाकून देल्लं तवापासून तो लिवायचा एडिटर मी रोज दुपारी उघडते. पयले कसं होतं? चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ये अन् बाकी पान साफ राहे. आता सप्पा पान लाल हाय. "अंगणवाडी" लाल. "लेकरू" लाल. "खिचडी" लाल. माह्यं सोताचं नाव लाल! सासऱ्यानं ठेवलेलं नाव हाय का, म्हणून चुकलं? भाषा निवडायची जागा तू दाखवली होती, तथी जाऊन पाह्यलं. मराठी गेली. एकटी इंग्लिश बसून हाय, पाटलीणबाईसारखी.

तू म्हणशीन, आई, रेघाच बंद करा. केल्या बंद. पण मंग असं वाटते का मी लिवून राह्यली अन् कोणी वाचूनच नाई राह्यलं. परत चालू केल्या.

चौकातल्या दुकानवाल्याले बोलावलं होतं. त्यानं मशीनीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "काकू, हे काय अडगळ घेऊन बसल्या? फॉर्मेट मारतो, विंडोज टाकून देतो." म्या म्हटलं, भाऊ, एक कौल फुटलं म्हणून घर पाडते का कोणी? चाय पेला अन् गेला.

तुले ठाऊकच हाय मी काय लिवून राह्यली ते. तूच बसवलं मले मशीनीपाशी. रिटायर झाल्यावर दिवसभर तोंड पाडून बसे मी, तवा तू म्हटलं होतं, "आई, अंगणवाडीतल्या लेकरांच्या गोष्टी मला सांगता ना, त्याच लिहा. जसं बोलता तसं लिहा." आता विहारातल्या महिला मंडळानं ठरवलं, आश्विन पौर्णिमेले वर्षावास संपते त्या दिवशी खिरीच्या आधी माह्यं लिवलेलं वाचायचं. मंडळाची विमलताई सगळ्या लोहाऱ्यात सांगून बसली. अन् अथी पानंच्या पानं लाल.

कशानं गेली मराठी म्हणशीन तर आपोआप गेली. पावसाचे दिवस हाय, लाइट येते-जाते.

उत्तर दे. फक्त मशीनीचं दे. बाकीचं म्या मांगतलंच नाई.

तुही,
पंचफुला

ता. क. लिंबाचं लोणचं घातलं. तुह्या वाट्याची बरणी सवयीनं येगळी काढल्या गेली. कडू नाई झालं यंदा.


२ ऑगस्ट २०२५

ममता,

आलं तुह्यं पत्र. पत्र कायचं, दवाखान्यातली चिठ्ठी! वर जयभीम नाई, खाली नाव नाई. "काळी खिडकी उघडा. ही ओळ टाइप करा. जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून पाठवा. मराठीला दोन फाइल्स लागतात, एक शब्दांची, एक नियमांची." एवढंच. अवं, बँकेतला माणूसबी "कशा हाय काकू" म्हणते.

पण आलं. तुह्या सासऱ्याले, भीमराजले दाखवलं. ते म्हणे, "अक्षर तिचंच हाय." म्या म्हटलं, मंग काय मुख्यमंत्र्याचं असन? त्यायनं घडी करून खिशात ठेवलं तुह्यं पत्र. मले परत मांगून घ्यावं लागलं.

तर काळी खिडकी उघडली. तू लिवलेली ओळ एका बोटानं टाइप केली. दोनदा चुकली, तिसऱ्या खेपेले मशीननं ऐकलं. आता जे दिसलं ते लिवते. तुले माहीत हाय, अंगणवाडीच्या रजिस्टरात मी काना-मात्रा इकडचा तिकडं होऊ देत नव्हती. लेकराचं वजन जे भरलं ते लिवायचं, आपल्या मनानं वाढवायचं नाई. आमच्या सुपरवायझरबाई म्हणत, "पंचफुला, तू समजून घेऊ नको, उतरवून घे." तसंच उतरवून घेतलं. मले त्यातलं काही समजत नाई, तू पाह्य.

पयले इंग्लिशच्या दोन फाइली हाय, पांढऱ्या अक्षरात. त्यायच्या खाली ह्या दोन ओळी लाल हाय, म्हणून लाल पेनानं लिवते:

lrwxrwxrwx 1 root root 28 Jan 20 2024 mr_IN.aff -> /home/mamata/shabd/mr_IN.aff
lrwxrwxrwx 1 root root 28 Jan 20 2024 mr_IN.dic -> /home/mamata/shabd/mr_IN.dic

बाण म्या जसा दिसला तसाच काढला. पाह्य, एकबी अक्षर सुटलं नाई. आता सांग, औषध काय?

दोन पानं हातानं लिवून ठेवले तवर. तो बारका पोट्टा आठवते का, खिचडीतले वाटाणे खिशात भरून घरी बहिणीले नेणारा? त्याची गोष्ट हाय. लिवता लिवता मलेच हसू येऊन राह्यलं होतं. ऐकायले कोणी नव्हतं. भीमराज ऐकते, पण ऐकता ऐकता झोपते.

अन् पुढच्या चिठ्ठीत वर निदान जयभीम लिव. त्याले पैसे नाई लागत.

पंचफुला


[पोस्टकार्ड]

१७ ऑगस्ट २०२५

ममता, जयभीम. चिठ्ठी पोचली का? उत्तर नाई. तब्येत बरी हाय ना? का वणीच्या कोळशाच्या धुळीनं खोकला लागला? तुले पयलेच धूळ चालत नाई. रात्री गूळ-हळद घेत जाजो. मशीन तशीच लाल हाय. — पं.


२९ ऑगस्ट २०२५

ममता पोरी,

आता समजलं तू काहून गप झाली.

काल भीमराज दाराशी बसून होते. म्या तुह्यासाठी उतरवलेल्या कागदाची कच्ची नक्कल त्यायच्या हाती लागली. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, पाट्या वाचायची सवय. चष्मा लावला अन् हळूहळू वाचलं. मंग म्हणे, "पंचफुला, अथी ममता लिवलेलं हाय." म्या म्हटलं, कुठं? म्हणे, "हे काय बाणाच्या समोर. ही पाटी हाय. मराठीची फाइल पाह्यजे तर ममताच्या गावाले जा, असं म्हणते. पाटी लाल झाली म्हणजे पाटी जागेवर हाय, गावच राह्यलं नाई."

मी शहाणी, माह्या हातानं लाल पेनानं लिवून तुले धाडलं का तुह्यं घर या मशीनीतून पाडून टाकलं म्हणून. अन् वरतून विचारून राह्यली, औषध काय!

"आपोआप गेली" म्हटलं होतं म्या. आपोआप नाई गेली. आता पूरं ऐक.

तुले वणीले राशन कार्डासाठी अथचं नाव कमी केल्याचा दाखला पाह्यजे होता. तू वकिलाच्या मार्फत कळवलं होतं. मे महिन्यात संघर्ष तहसीलमधी गेला अन् नाव कमी करून आला. ते बरोबरच होतं, तुह्या सोयीसाठीच होतं. नियमच हाय, अथून कमी झाल्याबिगर तथी चढत नाई. पण घरी आला तो कसा आला म्हणून सांगू! आंघोळ नाई, जेवण नाई. मशीन चालू केली. पासवर्ड तर माह्याच तोंडानं गल्लीभर झालेला. म्हणे, "कार्डातून कमी झाली ना, मंग अथूनबी कमी." अन् तुह्यं खातं काढलं. मशीननं त्याले विचारलं होतं म्हणे, फाइली ठेवायच्या का काढायच्या. ह्या दिवट्यानं काढा दाबलं. त्याले वाटलं तुह्ये फोटो असन, गाणे असन. मी सैपाकघरात होती. भाकर करपल्याचा वास आला तवा आपण काय करून राह्यलो ते मले समजलं. तव्याकडं पाहून राह्यली नव्हती मी, त्याच्या पाठीकडं पाहून राह्यली होती.

पण त्या फोल्डरात माह्ये शब्द होते, हे त्याले ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मलेबी नव्हतं. मले वाटे शब्द मशीनीतच असते, पंख्यात हवा असते तसे. तूच लिवलं ना त्या चिठ्ठीत, एका फाइलीत शब्द अन् दुसरीत ते कसे वळवायचे त्याचे कायदे, दोन्ही पाह्यजे, जात्याच्या वरच्या-खालच्या दगडासारखे. मंग भीमराजनं पाटी वाचली तवा माह्या डोस्क्यात उजेड पडला. त्या दुपारी आठवल्या.

तुरीच्या शेंगा सोलायच्या अन् बोलायचं. पयल्या दिवशी म्या लिवलेल्या पानावर "मले", "तुले", "काहून", सगळे लाल झाले होते. म्या म्हटलं होतं, जाऊ दे व, आपल्याले लिवताच येत नाई, पुण्याच्या बायायचं काम हाय हे. अन् तू केवढी चिडली! म्हणे, "आई, चूक तुमची नाही, याला तुम्ही ठाऊक नाही." मंग एकेक शब्द विचारायची. "आई, 'काहून' टाकू?" "टाक." "'पोट्टं' टाकू?" "टाक, पण हळू टाक, पडन." हसून हसून शेंगा सांडल्या होत्या. "राह्यलो" टाकला, "येजो" टाकला. मी बोले अन् तू टाके. माह्या मायनं मले बोलायले शिकवलं, पण माह्यं बोलणं कोणी असं उचलून ठेवलं नव्हतं. ते सगळं तू तुह्या नावाच्या खोलीत ठेवलं, अन् माह्या पोरानं खोलीच पाडली.

त्याले सांगतलं म्या. काल रात्रीच ताट वाढलं अन् सांगतलं, तुह्या बायकोचे फोटो नाई गेले रे, तुह्या मायची जीभ गेली. घास खाली ठेवला त्यानं. म्हणे, "मले शब्दायचं माहीत नव्हतं. तिले सांग." म्या म्हटलं, मी काही सांगत नाई, तुह्या तोंडाले काय झालं? म्हणून मी सांगूनच नाई राह्यली, समजलं ना.

त्याची बाजू घेत नाई मी. तू नोकरी पाह्यली तर याले कमीपणा आला. तू तरी गेली, तर हा तुह्या क्लासात येऊन शिकणाऱ्या पोरा-पोरींसमोर वरडला. ते ऐकलं तवा मले वाटलं, जमीन फाटून मले घेईन तर बरं. फारकत घे तू. अडवणार नाई. मन नाई तथी राहाचं कायले? माह्या पोटचा हाय म्हणून म्या मशीनीचं झाकलं, पण त्यात तूच झाकल्या जाशीन असं मले वाटलंच नव्हतं.

मले भेव एकाच गोष्टीचं हाय, अन् ते आता उघड सांगते. कोर्टाच्या कागदानं तू सून नाई राहणार. कार्डावरून तू गेलीच हाय. मशीनीतून तुले पुसून टाकलं. आता फक्त बोलणं राह्यलं होतं, ते तुह्या त्या एका चिठ्ठीत होतं, बिनाजयभीमच्या का होईना. तेबी गेलं तर माह्याजवळ तुह्यं काय राह्यलं? एक लोणच्याची बरणी?

लाल राहू दे पानं. पौर्णिमेले मी तोंडी सांगीन, माह्ये लेकरं मले पाठ हाय. तू मशीनीचं नको सांगू. नुसतं लिव का पत्र पोचलं.

तुही,
पंचफुला


लोहारा
२८ सप्टेंबर २०२५

माह्यी ममता,

पाह्य, हे पत्र मशीनीवर लिवलेलं हाय. छापून आणलं चौकातून, त्याच दुकानवाल्याकडून. एक रेघ लाल नाई. "माह्यी" लाल नाई!

पण पयल्यापासून सांगते, नाईतर मजा जाईन.

पोस्टमननं पाकीट देल्लं तवा मी सडा टाकून राह्यली होती. पाकीट फुगलेलं होतं. आतमधी तुह्या त्या निळ्या रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह अन् दोन पानं. अन् वर लिवलेलं, "आई, जयभीम." मी तथीच थांबली बाप्पा. बादली हातात, पाय ओले, अन् तेवढीच एक ओळ वाचून राह्यली. भीमराजले वाटलं कोणी गेलं. म्हणे, "काय झालं व?" म्या म्हटलं, काही नाई, जयभीम लिवलं तिनं. तर तेबी रडायले लागले. या माणसाले कायबी पुरते.

मंग समोरचं वाचलं. तू लिवलं, "तुम्ही सगळ्यांना सांगता की ममता घरून रिकाम्या हातानं गेली, एक वाटीही नेली नाही. ते खरं नाही, आई. ही फाइल नेली होती. इथे तुमच्यासारखं बोलणारं घरात कोणी नाही, म्हणून कधीमधी उघडून वाचत बसते. काहून, कायले, येजो, जाजो. वाचलं की तुमचा आवाज येतो."

अवं पोरी. मी अथी बसून समजे का तू आपल्याले तोडलं, अन् तू तथी बसून माह्ये शब्द मोजून राह्यली होती! मले राग आला पयले, खरं सांगते. सांगायचं नाई का इतके दिवस? मंग राग कुठं गेला ते कळलंच नाई. वरणात मीठ दोनदा पडलं त्या दिवशी. संघर्ष गुमान जेवला. आजकाल तो गुमानच जेवते.

आता कामाचं. तू दोन वाटा लिवून देल्ल्या. पयली सोपी. पेनड्राइव्हमधल्या फाइली माह्याच नावाच्या फोल्डरात टाकायच्या अन् पाटीवरचं गावाचं नाव बदलून माह्यं टाकायचं. एका ओळीचं काम. दुसरी लांब. ममता नावाचं खातं नव्यानं उभं करायचं, त्यात शब्दायचं फोल्डर करायचं, मंग पाटी जशीच्या तशी लागते. अन् त्याच्यासमोर तू लिवलं, "ही नको. तुमच्या मशीनमध्ये आता माझं नाव कशाला? पहिलीच करा."

सासूनं सुनेचं ऐकलं असं कधी झालं का लोहाऱ्यात? म्या दुसरी केली.

जेवणं झाल्यावर बसली. तुह्या चिठ्ठीवर वाटी ठेवली, उडू नये म्हणून. ओळ टाइप केली. मशीन भल्लीच चौकस निघाली बाई! पयले तुह्या खात्यासाठी पासवर्ड मांगतला. ठेवला एक. मंग लागली विचारायले, जसे आम्ही नव्या लेकराचं नाव घेताना विचारत होतो.

पूरं नाव काय? हात थांबला माह्या. आडनाव बापाचं लावू का संघर्षचं? भीमराजले विचारलं, ते म्हणे, "आडनावावरून झगडा नको करू मशीनीसंगं." नुसतं ममता लिवलं. चाललं.

मंग म्हणते, रूम नंबर! मशीनले काय करायचं हाय कोण कोण्या खोलीत राह्यते ते? पण विचारलं तर सांगावं. म्या लिवलं, मधली खोली, कूलरपाशी. तथी सध्या तुरीचं पोतं ठेवलं हाय, पण ते उचलता येते.

कामावरचा फोन विचारला. तुह्या क्लासचा नंबर मले माहीत नाई, रिकामं सोडलं. मंग घरचा फोन. माह्या लिवला. तू बंद करून ठेवला असला म्हणून काय झालं, नंबर तर घरचाच हाय ना.

अन् शेवटी विचारते, इतर काही? भीमराज म्हणे, "काही नाई लिव." पण जागा रिकामी देल्ली होती मशीननं, अन् इतक्या दिवसायचं माह्या पोटात होतं. म्या लिवलं, लेक.

मंग मशीननं सगळं परत एकदा दाखवलं अन् विचारलं, ही माहिती बरोबर हाय का? तू लिवून ठेवलं होतं, नुसतं एंटर मारलं तरी ते हो समजते. म्या तरी वाय दाबला. हो म्हणायचं तर तोंडानं म्हणावं.

एवढं करूनबी मराठी येईना. फाइली जागेवर गेल्या, पाटी लाल होती ती निळी झाली, पण एडिटरात पान लालच्या लाल. परत तुह्यी चिठ्ठी पाह्यली तर दुसऱ्या पानाच्या मांगं बारीक अक्षरात होतं, नव्या खात्याचं दार मशीन लोटून ठेवते, बाहेरच्याले आत पाहू देत नाई, म्हणून दार उघडायची ही एक ओळ. वाटीच्या खाली दबली होती ना ती! टाइप केली. एडिटर बंद करून उघडला. भाषेत गेली. मराठी बसून होती, पाटलीणबाईच्या शेजारी, पाट मांडून.

पानावरच्या रेघा अशा गेल्या, अशा गेल्या, का जशा होत्याच नाई. "मले" साफ. "काहून" साफ. वाटाण्यावाल्या पोट्ट्याची गोष्ट वरपासून खालपर्यंत साफ. म्या भीमराजले हाक मारली, इंदुताईले हाक मारली, तिनं हातातलं पीठ तसंच घेऊन धाव घेतली. तिले काय समजलं देव जाणे, पण टाळी वाजवली तिनं. पीठ कीबोर्डवर पडलं. एक ई अजून कचकच करते.

मशीन चालू केली का आता दोन नावं येते. वर माह्यं, खाली तुह्यं. परवा संघर्षनं पाह्यलं. मी मुद्दाम तथीच बसून होती. म्हणे, "आई, हे कायले?" म्या म्हटलं, तुह्यासाठी नाई हाय ते. डबा उचलला अन् एमआयडीसीत ड्यूटीवर गेला. पुसलं नाई. पुसू म्हटलं तरी जमणार नाई, माह्या खात्याचा पासवर्ड म्या बदलला, अन् या खेपेले भीमराजलेबी नाई सांगतला.

फारकतीच्या तारखेले तू सही कर. मी त्याच्यात हात घालत नाई, कार्डावर नाव परत चढव असंबी म्हणत नाई. ते तुमचं दोघायचं अन् सरकारचं. हे माह्यं अन् तुह्यं हाय.

सहा ऑक्टोबरले आश्विन पौर्णिमा. विहारात संध्याकाळी वाचणार हाय मी. संघर्षची त्या दिवशी रात्रपाळी हाय, म्या कॅलेंडर पाहून घेतलं. यवतमाळची बस चौकात थांबते, भीमराज पाटी वाचून उतरवून घेते. बरणी नेता येईन सोबत. येच असं म्हणत नाई. पण तुह्या खात्यात आता तुलेच शिरायचं असन, तर पासवर्ड पाह्यजे, अन् तो म्या ठेवला हाय. पत्रात लिवत नाई, पत्र कोणीबी फोडते. फोनवरबी सांगणार नाई.

येशीन तवा कानात सांगीन.

तुही,
आई